समोरच्या खिडकीचं माप

कुणी काहीही म्हणो, शेजाऱ्यांशी ओळख पहिल्याच दिवशी करून घ्यावी. नंतर करायला गेलं की ती भांडणानेच होते. हे माझं आजचं मत नाही, आमच्या बोळात कुणालाही विचारा, मी ते पाळत आलेय. समोरच्या माडीवर नवं बिऱ्हाड आलं की टेम्पोतून त्यांचं कपाट उतरायच्या आत माझं मशीन सुरू होतं, आणि संध्याकाळी मी त्यांच्या दारात पडदा घेऊन उभी असते. नवाकोरा, चुण्या घातलेला, इस्त्री केलेला. माप विचारायला जावं लागत नाही. ती खिडकी मला माझ्या तळहातापेक्षा पाठ आहे.

"टेलरबाईंचं मन मोठं हो," असं बोळात म्हणतात. म्हणोत बापडे. मी कधी कुणाचं तोंड धरायला गेले नाही.

आता खरं कारण ऐका. मी बायकांचे कपडे शिवते. आमचे हे ट्रकवर असतात, घरी येतात ते पाहुण्यासारखे, तेव्हा घर चालतं ते माझ्या मशीनवर. मशीन आहे बाहेरच्या खोलीत, आणि त्या खोलीला खिडकी एकच. बोळ एवढा अरुंद की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीने मागे जावं. आम्हीही माडीवरच, म्हणजे माझ्या खिडकीच्या नाकासमोर समोरच्याची खिडकी. आणि माझ्याकडे बायका येतात त्या काही गप्पा मारायला येत नाहीत. कपडा अंगावर चढवून बघतात, काखेत आवळतोय का, गळा उतरतोय का. अर्धा कपडा अंगात, अर्धा टाचण्यांवर. अशा वेळी समोर कुणी दात घासत उभा असेल तर माझं दुकान चालेल का?

लोक लगेच शहाणपणा शिकवतात. तूच लाव ना पडदा तुझ्या खिडकीला! अहो, मला उजेड लागतो. गडद निळ्या कापडावर काळा दोरा की निळा, हे ट्यूबलाइटखाली कळत नाही. जाळीचा पडदा लावून पाहिला, पडलेली सुई शोधण्यात दुपार गेली. कोपऱ्यात आडोसा केला, तर तिथे आरशात बघून प्रत्येक बाई म्हणाली, "रंग उठत नाही गं," आणि दोष शिलाईला. शेवटी आरसा परत खिडकीजवळ आणला आणि ठरवलं, पडदा लागायला हवा, पण तो समोर. आणि समोरच्याला "पडदा लावा" असं सांगायला गेलं तर तो म्हणणार, तुम्ही कोण सांगणाऱ्या? भेट म्हणून दिला तर मुकाट्याने लावतो, वर आभार मानतो.

आजवर कधी चुकलं नाही. नर्स होती, रात्रपाळी करून दिवसा झोपायची, तिने तर अंधार झाला म्हणून मला दुवा दिला. एक जोडपं होतं, ते पडद्याआड भांडायचं. पोपटवाला होता, त्याने पोपटाला ऊन लागतं म्हणून पडदा कधी हलवलाच नाही. सगळ्यांना दारातच भेट दिली. पडदा हातात ठेवायचा, "काही लागलं तर हाक मारा" म्हणायचं आणि त्यांना काही लागायच्या आत जिना उतरायचा. आत जाऊन बसायला मला वेळ कुठे आहे?

तर यंदा तिथे घड्याळजी आले.

बातमी आमच्या सासूबाईंनी दिली. त्या दिवसभर माझ्या शेजारी बसून हूक आणि बटणं लावतात, आणि बोळात काय चाललंय ते मला न विचारता सांगतात.

"एकटाच म्हातारा दिसतोय," त्या म्हणाल्या. "आणि कॉट खाली ठेवून आधी टेबल वर चढवलंय. तेही खिडकीला लावलंय बघ."

"खिडकीला?" माझ्या हातातली कात्री थांबली.

"अगदी चिकटून."

मी त्या दिवशी साधं कापड घेतलंच नाही. तपकिरी, जाडजूड, उजेडाची एक रेघ आत सोडणार नाही असं काढलं. कुठून काढलं ते विचारू नका, टेलरच्या घरी कापड उरतंच. दुहेरी टीप मारली, खाली वजनाला पट्टी दिली आणि दिवेलागणीला त्यांच्या दारात हजर झाले.

दार उघडलं ते त्यांनीच, सडपातळ, पांढरे केस नीट भांग पाडून बसवलेले, सदऱ्याची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. मी नेहमीचं बोलले. नवीन आलात, आम्ही समोरच असतो, हे आपलं छोटंसं. त्यांनी पडदा दोन्ही हातांनी घेतला, उलगडला, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"पण माप कसं कळलं तुम्हाला?"

"नजरेचा अंदाज," मी म्हटलं. "धंदाच आहे माझा."

मग म्हणाले, "मी अजून पाण्याची बादलीसुद्धा भरलेली नाही. आणि तुम्ही माझी खिडकी बघून, बसून, शिवून घेऊन आलात." त्यांचे डोळे भरून आले हो! एका पडद्याला! "मी भीतच होतो नव्या जागेला. मुलीला सांगतो आज फोनवर. आत या ना ताई, चहा टाकतो."

"नको नको काका, मशीन उघडं ठेवून आलेय," म्हणत मी निम्मा जिना उतरले होते.

सकाळी उठून खिडकीशी गेले आणि बघतच राहिले. पडदा लागला होता. पण मधल्या शिवणीवर नीट उसवून, दोन भाग करून, दोन्ही बाजूंना गोळा करून, लाल फितीने बांधला होता. वर चुण्या कशा मोजून पाडलेल्या. घड्याळाची कामं करणारा माणूस, त्याला काय सांगायचं. आणि त्या सजावटीच्या मधोमध, दोन्ही कवाडं सताड उघडी टाकून, ते टेबलाशी बसले होते. एका डोळ्याला काळं नळकांडं लावून.

"पडदा दिलास आणि नाटक सुरू झालं बघ," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांनी मान वर केली, नळकांडं काढलं आणि माझ्या खिडकीकडे बघून हात केला. मी झटकन बाजूला झाले.

मला वाटलं, होईल सवय, सुटेल फीत. कसलं काय! माणूस उजेड धरून बसलेला. सकाळी फीत नीट करायची, हात करायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि दुपार ढळेपर्यंत तिथून हलायचं नाही. आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्याकडे हंगामातलं सगळ्यात मोठं काम आलं होतं. एका घरचं लग्न. नवरीचा पोशाख, तिच्या आईचा, दोन मावश्यांचा, आत्याचा, बहिणींचे. कोपऱ्यावर नवं दुकान उघडलं होतं, काचेचं दार, आत गारेगार हवा, आणि माझी अर्धी गिऱ्हाइकं आधीच तिकडे डोकावून आली होती. हे लग्नाचं काम माझ्या हातून नीट पार पडलं तर ती परत येणार होती. हातचं गेलं, तर मग मी आणि सासूबाई समोरासमोर बसून एकमेकींची बटणं लावणार.

नवरी आणि तिची आई मापाला आल्या. नवरीला मी आरशासमोर उभं केलं, अंगावर अस्तर चढवलं, कमरेत टाचण्या घालायला लागले. आई स्टुलावर बसून माझ्या शिवणीत खोट शोधत होती. शिवणीत सापडली नाही, खिडकीत सापडली.

"अगं बाई! तो माणूस दुर्बीण लावून बसलाय!"

"दुर्बीण कुठली हो," मी तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हटलं. "घड्याळजी आहेत ते. भिंग आहे कामाचं. त्यांना वीतभर पलीकडचं दिसत नसेल."

"भिंग असो नाहीतर काहीही असो, मागे डोळा आहे ना?"

आणि काय सांगावं, माणसाची वेळ साधायची कला! नेमकं त्याच क्षणी त्यांनी नळकांडं काढलं, आमच्याकडे बघून गोड हसले आणि हात केला.

नवरी किंचाळली. किंचाळली ती वळली, वळली तशी टाचणी टोचली, टोचली तशी पुन्हा किंचाळली. कपडे करून जिन्यापर्यंत जाईस्तोवर त्या दोघी माझ्याशी बोलल्याच नाहीत. मी मागे मागे. "अहो, मी काय गप्प बसलेय का? येईल त्या प्रत्येक भाडेकरूला मी पडदा देते, पदरच्या कापडाचा! भेट म्हणून देते, म्हणजे नाही म्हणता येत नाही. कशासाठी देते? तुमच्याचसाठी ना? यांनाही दिलाय. लावतील."

"लावतील तेव्हा कळवा," नवरीची आई म्हणाली. "त्या कोपऱ्यावरच्या दुकानात आत वेगळी खोली आहे. खिडकीच नाही तिला."

त्याच रात्री मी दुसरा पडदा बेतला. पहिल्याहून जाड, आतून अस्तर, रंग काळा म्हणावा असा निळा. सकाळी त्यांच्या दारात गेले आणि सांगितलं, काका, इकडे वारा फार, धूळ फार, तुमचं काम नाजूक, हा मागून लावा आणि सोडून ठेवा. सोडून ठेवा हे शब्द मी दोनदा म्हटले.

"एका आठवड्यात दोन!" ते म्हणाले.

दुपारी बघते तर पहिला पडदा फितीत, आणि दुसरा टेबलावर अंथरलेला. चारही कडा टेबलाखाली दुमडून पिनांनी घट्ट बसवल्या होत्या. गडद कापडावर बारीक स्क्रू घरंगळत नाहीत आणि चटकन दिसतात, हे त्यांनीच नंतर जिन्यात सासूबाईंना समजावून सांगितलं. "सूनबाईंची नजर बघा, माझ्या कामाला काय लागतं ते माझ्याआधी ओळखलं," म्हणे. आणि सासूबाईंच्या मनगटाकडे बघून विचारलं, घड्याळ का बंद? ते माझ्या सासऱ्यांचं घड्याळ. सासरे गेल्यापासून बंदच, तरी त्या हातात घालतात. संध्याकाळी त्यांनी ते चालू करून आणून दिलं, आणि झालं! आमच्या घरात फूट पडली.

"त्या माणसाला काही बोलायचं नाहीस," सासूबाईंनी मला बजावलं. घड्याळ कानाला लावूनच.

"आणि लग्नाचं काम?"

"ते तुझं तू बघ. पण त्याला लागेल असं बोलायचं नाही."

माझं डोकंच फिरलं. एक तर भेट द्यायची, ती अशी वापरायची, वर आमचीच माणसं फोडायची! चांगुलपणालाही काही मर्यादा असते. नवरीच्या आईचा निरोप आला होता, परवा शेवटचं बघू म्हणून. मी हातातलं काम टाकलं, बोळ ओलांडला, जिना चढले आणि दार वाजवलं. यावेळी हात रिकामे होते आणि तोंड भरलेलं होतं.

"काका, बोलायचंय."

"मग आत या," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी खुर्ची पुसायला लागले. दारात उभं राहून भांडता येत नाही, आवाज बोळात जातो. मी आत गेले. पोपटवाल्याच्या, नर्सच्या, त्या जोडप्याच्या त्या खोलीत मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं. भिंतीवर घड्याळंच घड्याळं, टेबलावर काचेच्या पेल्यांखाली झाकलेले भाग. मी त्यांना दाखवायलाच म्हणून तरातरा खिडकीशी गेले. म्हटलं, हे बघा, इथून माझ्या घरातलं काय काय...

काही नाही.

आधी वाटलं, चुकीच्या खिडकीकडे बघतेय. पण चौकट माझीच, खालच्या कोपऱ्यात मीच लावलेली चिकटपट्टी माझीच. धुळीने कापड खराब होतं म्हणून माझी काच कायम बंद असते. आणि त्या काचेत होतं आभाळ. तारेचा एक तुकडा. तपकिरी पडदा, लाल फीत. आणि फितीशेजारी तोंड उघडं टाकून उभी असलेली एक बाई, म्हणजे मी. खोलीतलं मशीन नाही, आरसा नाही, हूक लावत बसलेल्या सासूबाई नाहीत.

"काका, यातून आतलं काही दिसत नाही?"

"दिवसा? छे. सगळं आभाळच. तुम्ही संध्याकाळी दिवा लावलात की मशीन दिसतं. पण तोवर माझा उजेड गेलेला असतो, मी उठतो."

"मग सकाळी हात कुणाला करता?"

"तुम्हाला," ते म्हणाले, जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं. "दिसत नाही, पण तिथेच बसलेल्या असणार ना तुम्ही. म्हणून करतो."

मला इतका आनंद झाला! त्यांच्या हात करण्याचा नव्हे, कामाचा. काही दिसत नाही! कधीच दिसत नव्हतं! मी त्यांचा चहा उभ्याउभ्या प्यायले, काय बोलायचं होतं विचारल्यावर "काही नाही, सहज" म्हटलं आणि धावत घरी आले. सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे एवढे पडदे फुकटच शिवलेस होय?" आणि पोट धरून हसल्या.

नवरीच्या आईला मात्र माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा नव्हता. "तुम्ही तर सांगणारच," ती म्हणाली. "मी स्वतः बघितल्याशिवाय माझी मुलगी तिथे उभी राहायची नाही."

"मग चला बघायला," मी म्हटलं.

घड्याळजींना मी जिन्यातूनच विचारलं, काका, जरा तुमच्या खिडकीतून बघायचं होतं, पाहुण्या आहेत. कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही. माणसं येणार म्हटल्यावर त्यांची जी धांदल उडाली! टेबलावरचं काम पेल्यांखाली गेलं, कॉटवर धुतलेली चादर आली, कुठून तरी बशीसकट कप निघाले. "या या, बसा," म्हणत ते स्टोव्हकडे गेले.

इकडे नवरीची आई आणि मी, तिकडे माझ्या खोलीत नवरी आणि सासूबाई. ठरलं असं की त्यांनी आरशासमोर जे करायचं ते करावं, आणि आम्ही बघावं. आम्ही बघितलं. आभाळ होतं. तारेवर एक कावळा येऊन बसला, तो दिसला. नवरीच्या आईने मान वाकडी केली, टाचा उंचावल्या, घड्याळजींचं भिंग मागून घेऊन तेही डोळ्याला लावलं. कावळाही दिसेनासा झाला. मी खिडकीतूनच सासूबाईंना हाक मारून विचारलं, "आई, काय करताय?" तर पलीकडून आवाज आला, "नाचतेय!" नंतर कळलं, खरंच नाचत होत्या. जीभही दाखवली म्हणाल्या, आणि नवरीने हसून हसून शिवण उसवली.

"नाही बाई, काही नाही दिसत," नवरीच्या आईने कबूल केलं. चेहरा एकदम मोकळा झाला तिचा. कॉटवर ऐसपैस बसली, घड्याळजींनी दिलेला कप हातात घेतला आणि हसत हसत त्यांना म्हणाली, "आणि ही आमची टेलरबाई बघा! तुमची खिडकी बंद राहावी म्हणून येईल त्या प्रत्येक भाडेकरूला भेट म्हणून पडदे वाटत बसलीय! भेट दिली की नाही म्हणता येत नाही म्हणे. आहे की नाही डोकं?"

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. कौतुकच होतं.

घड्याळजी माझ्या कपात चहा ओतत होते. थांबले नाहीत, सांडलाही नाही. कप भरला, बशी पुसली, माझ्या हातात दिली.

"प्रत्येकाला?" त्यांनी विचारलं.

मी कप तोंडाला लावला.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच माप तयार होतं."

मग त्यांनी नवरीच्या आईला साखर हवी का विचारलं. लग्न कुठल्या तारखेला, जावई काय करतो, सगळं विचारलं. जिन्यापर्यंत पोचवायला आले. माझ्याशीही बोलले, नीट बोलले, एखाद्या अनोळखी बाईशी बोलावं तितकं नीट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीशी गेले. समोरची कवाडं बंद. काचांना आतून माणसाच्या उंचीइतका कागद चिकटवलेला, कडा सरळ, एक सुरकुती नाही. फीत नाही, पडदा नाही. पडदे सासूबाईंच्या हातात होते. दोन्ही धुवून, इस्त्री करून, फितीने बांधून घड्याळजी सकाळीच देऊन गेले होते.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कापड चांगलं आहे. पुढच्या भाडेकरूला होईल."

आता बघा, मला जे पाहिजे होतं ते सगळं झालं. लग्नाचं काम हातून गेलं नाही, उलट नवऱ्या मुलाकडच्या बायकाही आल्या. नवरीच्या आईने सगळीकडे सांगितलं, टेलरबाईकडे बिनधास्त जा, समोरून काही दिसत नाही, आणि आता तर समोरची खिडकीच बंद आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून माझी गिऱ्हाइकं परत यायला लागली. मशीनला उसंत नाही. एवढा बंदोबस्त मला कुठल्याच पडद्याने करता आला नसता.

आणि मला वाईट वाटत होतं. सरळच सांगते, फार वाईट वाटत होतं, आणि त्याचा राग येत होता. मी असं काय केलं? चोरी केली? उलट दिलंच ना? सकाळी खिडकीशी गेले की समोर कागद, आणि कागदामागे भरदिवसा दिव्याचा पिवळा डाग. माणूस दिवा लावून काम करत होता. त्या वयात, त्या डोळ्यांनी, हाताशी एवढा उजेड असताना!

"पडदा काय खोटा होता?" एक दिवस मी सासूबाईंवर ओरडले. "दुहेरी टीप होती त्याला! कुणी देतं का हल्ली?"

"टीप चांगली होती गं," त्या म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही, हूक लावत राहिल्या. "पण त्याला वाटलं होतं, आपल्यासाठी शिवलाय."

मग मी ठरवलं, जायचं. समजूत काढायची. पण काय घेऊन जायचं? त्यांच्या खुर्चीला बैठक नव्हती, ती मी पाहिली होती. एक गादी बेतली, कापूस भरला, तर सासूबाई म्हणाल्या, "आता ही कशाला? त्याने बसून राहावं आणि उठू नये म्हणून?" मी ती उसवली. मग हातपुसणं शिवलं, भिंगाला म्हणून मऊ पिशवी शिवली. प्रत्येक गोष्ट हातात घेतली की मलाच प्रश्न पडायचा, हे देऊन मला काय हवंय? आणि प्रत्येक वेळी काहीतरी हवंच होतं. कागद काढावा. पूर्वीसारखं बोलावं. बोळात माझं नाव चांगलं राहावं. मला काही नको असताना मी कुणाला काही दिलंय का, हे मी आठवायला बसले, आणि लगेच उठले, कारण कामं पडली होती.

शेवटी तशीच गेले. काही न घेता. पदराखाली काही नाही, पिशवी नाही, दोन्ही हात लोंबकळत. बोळ ओलांडताना मला माझेच हात जड झाले होते. जिना चढले, दार वाजवलं.

त्यांनी उघडलं. नळकांडं कपाळावर सरकवलेलं, डोळे लाल. आत टेबल भिंतीकडे ओढलेलं आणि त्यावर दिवा. त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे बघितलं. मग माझ्या मागे जिन्यात बघितलं, आणखी कुणी आहे का म्हणून. मग अगदी मवाळपणे विचारलं, "आज काय बंद करायचंय, टेलरबाई?"

"काही नाही," मी म्हटलं. "काही नकोय, काका. सहज आले."

"बरं," ते म्हणाले. रागावले नाहीत. दारावर हात ठेवून, मी पुढे काय मागतेय त्याची वाट बघत उभे राहिले.